अखाजीचा झोका आणि चोवीस चाकं

तमाम वाचकांस, आणि विशेषतः ज्यांनी आयुष्यात एकदाही कडुनिंबाच्या फांदीची उंची मोजलेली नाही अशा दुर्दैवी बंधुभगिनींस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, खानदेशात वीज कशी आली याचा आजवर सांगितला गेलेला सर्व इतिहास अपुरा आहे. त्यात धरणं आहेत, खांब आहेत, तारा आहेत, फीत कापणारे हात आहेत. त्यात झोका नाही. ही चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे, कारण त्या झोक्याशी सरकारी संबंध असलेला मी एकटाच माणूस आज बोलण्याच्या स्थितीत आहे. बाकीचे एक तर देवाघरी गेले, नाही तर बढती मिळून गप्प झाले.

गोष्ट स्वातंत्र्यानंतर दहा-अकरा वर्षांनी घडली. मी तेवीस वर्षांचा, बांधकाम खात्यात ओव्हरसियर, आणि नोकरी कच्ची. कच्ची म्हणजे वर्षभर काम बघून पक्की करायची की घरी पाठवायचं, हे साहेब ठरवणार. माझं गाव नशिराबाद. घरी केळी, कापूस आणि वडिलांचं एक ठरलेलं वाक्य: "तुला तिथं नाही जमलं तर बागेत पाणी धरायला ये." हे ते अगदी प्रेमाने म्हणत, म्हणून जास्त टोचायचं.

साहेब धुळ्याला देवपुरात राहत. डोक्यावर खाकी टोपी, पायात चकाकणारे बूट, आणि तोंडात अशी मराठी की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याला कोणी तरी नोटीस वाचून दाखवतंय. "सबब", "यथावकाश", "उपरोक्त" या तीन शब्दांवाचून ते चहासुद्धा मागत नसत. त्यांचं मूळ गाव कोणतं, यावर कचेरीत पैजा लागत. बहुमत पुण्याच्या बाजूने होतं. एक कारकून म्हणे की साहेबांना गाव नाहीच, ते थेट फाइलीतून जन्मले.

तर या साहेबांनी माघ महिन्यात मला बोलावलं आणि सांगितलं की धुळ्याच्या वीजघरासाठी एक मोठा ट्रान्सफॉर्मर येतो आहे. धुळ्याला रेल्वे होती, पण एवढं ओझं वॅगनवरून खाली घ्यायची सोय तिथं नव्हती. ते जळगावला उतरणार आणि सडकेने धुळ्याला जाणार. मी पुढे जाऊन सगळी सडक तपासायची, आडव्या येणाऱ्या फांद्यांना चुन्याची खूण करून त्या तोडून घ्यायच्या, आणि मार्ग निर्धोक असल्याचा दाखला माझ्या सहीने द्यायचा.

"उपरोक्त ओझं कुठे अडलं," साहेब म्हणाले, "तर जी फांदी तुटेल ती झाडाची असेलच असं नाही."

ओझं गाडीवर चढल्यावर जमिनीपासून साडेसोळा फूट उंच होणार होतं. मी नेमका साडेसोळा फुटांचा एक बांबू कापून घेतला, त्याला तांबडे-पांढरे पट्टे मारले आणि एस.टी.च्या टपावर टाकायला निघालो. कंडक्टरने बांबूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"याचं तिकीट?"

"भाऊ, तो टपावर राहील."

"तुम्ही आत राहणार ना? मग तुम्ही सामान आणि तो प्रवासी. त्याचा रुबाब बघा जरा."

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघे, म्हणजे बांबू आणि मी, जळगाव ते धुळे फिरलो. थोडं एस.टी.ने, बरंचसं पायी. झाड आलं की मी बांबू उभा करायचो. फांदी त्याच्या वर असली तर जिवंत, खाली असली तर चुना. गावोगावी लोक मला पाहून पारावरून उठायचे. खरं सांगायचं तर तेवढा मान मला नंतर बढती मिळाल्यावरही मिळाला नाही.

पारोळ्याच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना फुशारकी आवडत नाही आणि मला ती फार आवडते, आमचं भांडण व्हायचं. सडक त्या गावाच्या मधून जाते. एका अंगाला विहीर आणि घरं, दुसऱ्या अंगाला नाला. मधोमध एक खोलगट भाग, आणि त्या खोलगट भागावर एका थोर कडुनिंबाने आपला हात आडवा धरलेला. मांडीएवढी जाड, सरळ, गुळगुळीत फांदी. दोन ठिकाणी तिची साल घासून आरशासारखी झालेली.

मी चुन्याचं डबडं उघडलं, आणि विहिरीवरच्या बायका घागरी तिथंच ठेवून माझ्याभोवती जमल्या. त्यांच्या पुढे एक पन्नाशीच्या घरातली बाई, ठेंगणी, कपाळभर कुंकू. सगळं गाव तिला अक्का म्हणत होतं.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

मी सांगितलं. देशाची प्रगती, वीज, दिवे, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि साल घासलेल्या जागांकडे बोट दाखवलं.

"हाई फांदी तोडशी, तं आमन्या आंडेरी अखाजीले झोका कथा खेळतीन?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आंडेर म्हणजे लेक, कथा म्हणजे कुठे. आणि अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. पण आमच्याकडे तो नुसता सण नाही. वर्षभर सासरी राबणाऱ्या लेकी त्या दिवसांत माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सासूला गाण्यातून काय वाटेल ते बोलून घेतात. साल-दोन सालांचं मनात साठलेलं त्या झोक्यावरून खाली सांडतं. त्या गावात झोका पेलेल अशी फांदी ही एकच होती. अक्काची स्वतःची लेक नवापूरकडे दिलेली. तीन अखाज्या झाल्या, सासरच्यांनी तिला पाठवली नव्हती. यंदा पाठवतो म्हणाले होते. हे मला अक्काने नाही सांगितलं, शेजारच्या बाईने हळूच सांगितलं. अक्का तेव्हा फांदीकडेच पाहत होती.

मी बांबू उभा केला. बांबू आणि फांदी यांच्यात जागा राहिली. मी टेप काढून मोजलं, तीनदा मोजलं. सतरा फूट चार इंच. म्हणजे ओझ्याच्या वर दहा इंच मोकळे. पहार आणून खालची सडकही ठोकून पाहिली. जुनी दाबलेली खडी, पहार टण्णकन उडाली.

"अक्का," मी म्हणालो, "फांदीला कोणी हात लावणार नाही."

"शब्द दे."

"दिला."

"दिधा ना? मंग जेवाले चाल."

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत. मी चार भाकरी खाल्ल्या. पुढे धुळ्याला जाऊन साहेबांकडे दाखला दिला: मार्ग निर्धोक, सही. म्हणजे आता माझा शब्द दोन जागी ठेवलेला होता, एक सरकारी फाइलीत आणि एक अक्काच्या चुलीपाशी. दोन्हीकडे तो एकच शब्द होता, म्हणून मला झोप छान लागत होती.

ट्रान्सफॉर्मर चैत्राच्या सुरुवातीला यायचा तो चैत्र संपताना आला. आणि त्याला न्यायला जी गाडी आली, ती पाहून जळगावच्या मालधक्क्यावरचे हमाल बिड्या विझवून उभे राहिले. लढाईत रणगाडे वाहून न्यायला बनवलेला तो ट्रक. नाक एवढं लांब की त्याच्यावर दोन माणसं आडवी झोपावीत. त्याच्या मागे जोडलेली बसकी गाडी, तिला चोवीस चाकं, आणि चाकं हवेची नव्हेत, भरीव रबराची. मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली झुकलेला, म्हशीच्या पाठीसारखा. त्या पाठीवर तो लोखंडी राक्षस साखळदंडांनी बांधून बसवला, आणि त्याच्या डोक्यावर उचलण्यासाठी असलेलं एक जाड कडं. साडेसोळा फूट म्हणजे त्या कड्याच्या टोकापर्यंत.

ड्रायव्हर साताऱ्याकडचा, फौजेतून सुटून आलेला. सगळे त्याला हवालदार म्हणत. मिशा अशा की ट्रकच्या नाकाला त्याच शोभत होत्या. पुढे एक झेंडेवाला तांबडं निशाण घेऊन चालायचा, दोन्ही बाजूंना चार माणसं लाकडी ठोकळे घेऊन. चढावर गाडी थांबली की पळत जाऊन चाकामागे ठोकळा घालायची. बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जात. एका गाडीवानाने जाता जाता विचारलं, "हवालदार, निरोप काही असला तर सांगा, मी पुढे जाऊन देतो." हवालदाराने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सांगा, म्हणावं, वीज येतीया. पायी."

इंजिनाला तहान फार. प्रत्येक गावात ते थांबायचं, आणि गावातल्या बायका न सांगता घागरी घेऊन यायच्या. उन्हातून आलेल्या बैलाला पाणी दाखवावं तसं त्या नाकाला पाणी दाखवायच्या. कोणी कुंकू लावायचं, कोणी नारळ फोडायचं. हवालदार म्हणाला, "रणगाडं वाहिलं तवा कुनी घोटभर पाजलं नव्हतं आमच्या गाडीला."

अशा थाटात तिसऱ्या दिवशी, ऐन अखाजीला, दुपारच्या वेळी आम्ही त्या गावात शिरलो. मी पुढच्या बाकावर हवालदाराशेजारी, नवरदेवासारखा. फांदीला झोका बांधलेला. नव्या साड्या नेसलेल्या लेकी बाजूला सरून उभ्या. कडुनिंबाच्या बुंध्याशी चार म्हातारे सणाचे पत्ते खेळत बसलेले. अखाजीला पुरुषांनी पत्ते कुटायचे, हीही आमच्याकडची पूजाच. आणि अक्का पुढे येऊन हसत उभी, शेजारी तिच्यासारखीच ठेंगणी एक पोरगी. नवापूरची. आली होती.

मी खिडकीतून हात हलवला. आणि मागून माणसं ओरडली, "थांबवा."

खाली उतरून पाहिलं. कडं फांदीच्या खाली जात नव्हतं. चांगली चार बोटं वर येत होतं.

मी टेप काढला. फांदी सतरा फूट चार इंचांवर नव्हती. ती सोळा फुटांच्या थोडीच वर होती. झाड खचलं की काय, मला कळेना. मी खाली पाहिलं, आणि मग कळलं. खोलगट भाग नव्हताच. तिथे सपाट, सुंदर, तांबूस सडक होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

अक्काचा चेहरा अभिमानाने फुलला. दर साल अखाजीच्या आधी त्या गावात सगळे मिळून त्या खोलगट भागात मुरूम टाकायचे, लेकींच्या गाड्यांना हिसका बसू नये म्हणून. पावसाळ्यात तो वाहून जायचा, पुढच्या वर्षी पुन्हा टाकायचा. यंदा एवढी मोठी गाडी येणार, तिलाही हिसका बसू नये, म्हणून त्यांनी दुप्पट टाकला होता. दीड वीत. वरून बैल फिरवून चोपला होता. चैत्र-वैशाखाच्या उन्हाने त्याची वीट झाली होती.

"तुन्हा गाडीसाठे," अक्का म्हणाली.

एवढ्या प्रेमाने माझा गळा कोणी कधी कापला नव्हता.

मी झेंडेवाल्याला सायकलवरून पारोळ्याला पिटाळलं, साहेबांना फोन कर म्हणून. तासाभराने तो निरोप घेऊन आला. साहेब चार वाजता येत होते, जीपमधून, दोन माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन. माझ्यासाठी वेगळा निरोप होता: ओव्हरसियरने आपला दाखला आठवून ठेवावा.

मी सांगून टाकलं. लपवून काय करणार होतो? अक्काने लेकीकडे पाहिलं. तिची लेक झोक्याच्या दोराला हात लावून उभी होती. अजून ती एकदाही बसली नव्हती. पाहुणी म्हणून पहिला झोका तिचा, आणि आईच्या हाताने धक्का घ्यायचा म्हणून थांबली होती.

"मुरूम खणून काढू," मी म्हणालो. "दोनच चाकोऱ्या. वीस माणसं लागली तर चारच्या आत होईल. कुदळी आणा."

कोणी हललं नाही. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एक नाना, गावातले सगळ्यांत वडील, पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले, "आज अखाजी शे, भाऊ. आज धरतीले लोखंड लावतस नही."

तेव्हा मला दिसलं की गावात कुदळ नव्हती असं नाही. सगळ्या कुदळी, फावडी, नांगराचे फाळ धुऊन, कुंकू लावून भिंतीला टेकवून ठेवलेले होते. एक दिवस त्यांनाही सुट्टी. मी हवालदाराकडे वळून म्हणालो, "चाकांतली थोडी हवा काढता आली असती तर..."

"भरीव हाईत," तो म्हणाला. "आता तुमच्यातली हवा निघतीया तेवढीच."

मी झाडाखाली बसलो. डोळ्यांसमोर केळीची बाग आली, आणि बागेत पाणी धरणारा मी. वडील बांधावरून प्रेमाने पाहताहेत.

आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं. कोणीही अडचणीत असो, गाडी गावात थांबली की तिला पाणी पाजायचं, एवढं त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. चार-पाच जणी घागरी घेऊन ट्रकच्या नाकाशी गेल्या. दोन घागरी आत, एक बाहेर, असं ते चाललं होतं. नवापूरच्या लेकीची घागर कलंडली आणि पुढच्या चाकाखाली पाणीच पाणी झालं. हवालदार एकदम ओरडला, "ओ बाई, पानी आवरा. चाक धसतंय खाली."

खरंच धसत होतं. डोळ्यांदेखत, दोन बोटं.

अक्का खाली वाकली. चाकाकडे पाहिलं. मान वर करून फांदीकडे पाहिलं. पुन्हा चाकाकडे. मग अगदी सावकाश म्हणाली:

"धसू दे. धसालेच तं जोयजे."

धसायलाच हवं? क्षणभर कोणालाच कळलं नाही. आणि मग मला, केळीच्या बागेत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला, उशिरा का होईना, कळलं. चोपलेला मुरूम कोरडा असताना वीट, आणि पाणी पिऊन बसला की लोणी. खणायची गरजच नव्हती. चोवीस चाकांवर तो राक्षस होता; त्यानेच आपल्याला हवं तेवढं खाली जावं.

मी नानांकडे गेलो. "नाना, लोखंड नाही. नुसतं पाणी."

नाना बराच वेळ विचार करत होते, पत्त्याचा की धर्माचा, सांगता येत नाही. मग म्हणाले, "पानी दिधं तं पुन्यच शे. अखाजीले तं जास्तीच."

"मंग पत्ते काय टाकी ऱ्हायनात," अक्का म्हणाली, "दोन घागरी पानी बी टाका ना."

हवालदार मात्र मिशी चावत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ओव्हरसियर, धसली तर किती धसंल? खाली काय हाय? दलदल असली तर ही गाडी आन् मी, दोगं बी हितंच म्हातारं होऊ."

"खाली जुनी खडी आहे. माघात मी पहार ठोकून पाहिलीय. तिच्याखाली चाक जाणार नाही."

"शब्द?"

माझा तोच एक शब्द, आता तिसऱ्या जागी. "शब्द," मी म्हणालो.

पुढचा दीड तास मी आयुष्यात कधी विसरणार नाही. विहिरीपासून सडकेपर्यंत बायकांची रांग लागली. नव्या साड्यांचे काठ कमरेला खोचलेले, हातातल्या नव्या बांगड्या वाजताहेत, आणि भरल्या घागरी हातोहात येताहेत. सासरहून आलेल्या, आज काही काम करायचं नाही म्हणून आलेल्या लेकी. चारही म्हातारे उठले. मी चाकोऱ्यांतून अनवाणी चालत होतो, पाणी कुठे कमी, कुठे जास्त, पायाने चाचपत, हाताने बांध घालत, बांध फोडत. वडिलांनी शिकवलेली कला. बागेत पाणी धरणारा मी, बागेत न जाताही.

गाडी थोडी मागे घेतली, पाणी मुरू दिलं, मग हवालदाराने ती पुढे आणली. चाकं मुरमात बसली आणि चिखल दोन्ही बाजूंना पसरला. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. मी झाडावर चढून फांदीवर पालथा पडलो होतो, आणि मोजमाप ओरडून सांगत होतो. पहिल्या खेपेला कडं दोन बोटं वर. दुसऱ्या खेपेला फांदीच्या बरोबरीला. पुन्हा पाणी. तिसऱ्या खेपेला गाडी पुढे सरकली आणि एकाएकी खाली खरखर असा आवाज आला. खडी. चाकं जुन्या सडकेवर उभी होती. गाडी आणखी धसेना, आणि कडं फांदीच्या खाली आलं. मी हात घालून पाहिलं. फांदी आणि कडं यांच्यामध्ये माघात मोजलेले माझे दहा इंच परत आले होते.

झोका आधीच वर उचलून फांदीला गुंडाळला होता. इंजिन गुरगुरत होतं आणि ते प्रचंड लोखंड माझ्या पोटाखालून, हातभर अंतराने, सरकत चाललं होतं. त्याची धग लागत होती. मग ते संपलं, आणि खाली पुन्हा माणसांचे वर केलेले चेहरे दिसले.

हवालदाराने गाडी शंभर पावलं पुढे कोरड्यात नेऊन उभी केली, खाली उतरला, चिखलातून चालत परत आला आणि अक्कासमोर उभा राहून फौजेत करतात तसा सलाम केला. अक्काने त्याच्या हातात पुरणपोळी ठेवली.

मी आज पन्नाशीला टेकलोय. पुढे मी पूल बांधले, सडका बांधल्या, माझ्या सहीचे दाखले कपाटं भरून आहेत. पण माझी नोकरी पाणी घालून ज्यांनी जगवली त्या बायकांची नावं कुठल्या कागदावर नाहीत. सडकेवर मुरूम टाकून त्यांनी मला बुडवलं तेही प्रेमाने, आणि पाणी ओतून वर काढलं तेही. आजही वैशाखात कुठे कोरड्या मातीवर पाणी पडल्याचा वास आला की मी मनातल्या मनात त्या रांगेला हात जोडतो. आणि धुळ्यात रात्री दिवे लागतात तेव्हा मला बांगड्यांचा आवाज येतो. यावर कोणी हसलं तरी चालेल.

पण दिवस अजून संपला नव्हता. झोका सोडला. पहिला झोका नवापूरच्या लेकीचा. अक्काने धक्का दिला आणि ती पोरगी तीन वर्षांचं सगळं घेऊन पानांपर्यंत गेली. किती तरी वेळ ती उतरायलाच तयार नव्हती. उतरली तेव्हा अक्का माझ्याकडे वळली.

"आते तू बठ."

"मी? अक्का, मी सरकारी माणूस आहे."

"शब्द राह्यना ना तुन्हा? मंग बठ."

बायकांनी मला फळीवर बसवलं. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, अंग चिखलाने भरलेलं, हातात दोर. आठ-दहा जणींनी मिळून असा धक्का दिला की मी थेट पारोळ्याच्या दिशेने आकाशात गेलो. त्यांनी माझ्यावर गाणंही रचलं. त्यात मला बायको कशी मिळेल याचं भाकीत होतं, ते पुढे बरंचसं खरं ठरलं, म्हणून इथे देत नाही.

वर गेल्यावर मला जीप दिसली.

चार वाजले होते. जीप चिखलाच्या काठाशी थांबली. मागे दोन माणसं, खांद्यावर कुऱ्हाडी. साहेब उतरले. त्यांनी मागे वळून शंभर पावलांवर उभा असलेला ट्रान्सफॉर्मर पाहिला. अखंड फांदी पाहिली. चोवीस चाकांच्या खोल चाकोऱ्या पाहिल्या. आणि मग त्यांनी आपला कच्च्या नोकरीतला ओव्हरसियर पाहिला, जो हवेत होता, पुढे येत होता, मागे जात होता, आणि ज्याला थांबता येत नव्हतं. बायकांचं गाणं थांबलं. नानांनी पत्ते खाली ठेवले. मी पायाने माती घासत, धडपडत उतरलो आणि चिखल लागलेल्या हाताने साहेबांना नमस्कार केला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते फांदीवरच्या त्या दोन घासलेल्या, चकाकणाऱ्या जागांकडे पाहत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. कुऱ्हाडवाल्यांना हाताने मागे व्हायला सांगितलं. चकाकणाऱ्या बुटांनिशी सरळ चिखलातून चालत झोक्यापाशी आले, दोर हातात धरला, दोनदा ओढून पाहिला, जणू त्याची ताकद त्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. त्यांचा चेहरा इतका मऊ झालेला मी तोवर पाहिला नव्हता. आता "सबब" येणार की "उपरोक्त", म्हणून मी श्वास धरून उभा राहिलो.

साहेब अक्काकडे वळले आणि म्हणाले, "माले बी एक झोका दे वं, अक्का."